अकरा कलमं

आमच्या घरी पाहुण्याने बसण्याआधी मागे वळून बघावं. खिडकीच्या कडा, फ्रिजचं डोकं, जिन्याचा कठडा, शिवणयंत्राची फळी, जिथे म्हणून हात टेकावा तिथे निवडुंगाची कुंडी आहे. लग्नाला सदतीस वर्षं झाली, त्यातली तीस मी या काट्यांबरोबर काढली. कुणाच्या नवऱ्याला पत्त्यांचा नाद असतो, कुणाच्या नवऱ्याला बाटलीचा. आमच्या ह्यांचा नाद असा, की रागाच्या भरात घर सोडायचं म्हटलं तरी दारापर्यंत जपून चालावं लागतं.

हे कवळ्या बनवायचे. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या हिरड्यांचे साचे यायचे आणि हे मागच्या खोलीत चष्म्यावर भिंग चढवून मेणात एकेक दात बसवायचे. केसाएवढा फरक पडला तर माणसाचा घास अडतो, असं म्हणायचे, आणि ते खरंच होतं. माझंही काम बोटांचंच. कोट शिवणाऱ्या एका दुकानासाठी मी घरबसल्या हाताने काजं करायचे. काज चांगलं झालं की बटण बसतं आणि लोक शिंप्याची तारीफ करतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. निदान मी तसं समजत होते.

निवडुंगाचं कलम कसं करतात ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. काही निवडुंग इतके सावकाश वाढतात, की पेरणाऱ्याला फूल बघायला दुसरा जन्म घ्यावा लागेल. काही जन्मतःच पिवळे नाहीतर लाल असतात, अंगात हिरवं टिपूससुद्धा नाही, त्यामुळे स्वतःचं पोट स्वतः भरता येत नाही. मी त्यांना आयतोबा म्हणते. अशांना दुसऱ्या धट्ट्याकट्ट्या निवडुंगावर बसवायचं. खालचा तो खुंट, त्याचं डोकं आडवं उडवायचं. वरचा गोळा, त्याचं बूड उडवायचं. दोन्ही ओल्या कापांच्या मध्ये एक फिकट कडी दिसते, रोपाच्या शिरा तिथून जातात. कडीला कडी भेटली पाहिजे. मग वरून रबरबँड चढवायचे आणि दहा दिवस त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. दहा दिवसांनी रबरबँड काढल्यावर गोळा हलला नाही तर कलम लागलं. नाही लागलं तर तो टोपीसारखा अलगद हातात येतो.

सगळा खेळ कापाचा. ब्लेड स्पिरिटने पुसायचं आणि एका दमात, न थांबता, सपाट कापायचं. खुंटाचा काप सुकताना मध्ये खाली बसतो आणि कडा वर राहतात, त्या गोळ्याला उचलून टाकतात, म्हणून कडा आधीच पेन्सिलीसारख्या तिरप्या छाटायच्या. हे मला कुणी शिकवलं नाही. मी रबरबँड धरायला असायचे. "ताणून धर, मी म्हटल्यावर सोड," एवढंच माझं काम. पण तीस वर्षं कुणाच्या हाताकडे बघत बसलं तर दगडालाही काहीतरी येईल.

चार वर्षांपूर्वी ह्यांचा हात थरथरायला लागला. आधी कपबशी वाजायची, तेव्हा मी चेष्टा करायचे, चहा आला हे शेजाऱ्यांनाही कळतं म्हणून. मग सही बदलली. डॉक्टर म्हणाले, वयाचा कंप आहे, गोळीने थोडा कमी होईल, जाणार नाही. त्या आठवड्यातच ह्यांनी कवळ्यांचं काम बंद केलं. मेणाची पातेली घासून उपडी घातली आणि म्हणाले, "लोकांच्या तोंडाशी खेळ नको." निवडुंगांचं मात्र सोडलं नाही. "ह्यांना कुठे जेवायला बसायचंय? थोडं इकडेतिकडे चालतं."

चालत नव्हतं. लागोपाठ पाच कलमं गेली. पाचव्याच्या वेळी गोळा हातात आला तो ह्यांनी बराच वेळ तसाच धरून ठेवला, आणि तोसुद्धा हातात हलत होता. मग ब्लेडांचा डबा कपाटात गेला. हे गच्चीवरच्या खुर्चीत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायला लागले. दाढी वाढली. मी काही विचारलं तर मान हलवायची, ती कशासाठी हलली ते आपण ओळखायचं. एकदा मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा आपणहून म्हणाले, "हात गेले ते एक वेळ चालेल. पण मग मी दिवसभर करू काय?" मी चिमटे लावत राहिले.

महिन्याभराने कुणीतरी ह्यांना एक पिवळा गोळा दिला, चिंचोक्याएवढा. तो मुळांवर जगणं शक्यच नव्हतं. "शेवटचं एक करून बघतो," म्हणाले. मी रबरबँड धरले. काप माझ्या डोळ्यांदेखत झाला. करवतीने लाकूड कापावं तसा, मध्ये दोनदा अडकून. कड्या एकमेकींपासून गव्हाच्या दाण्याएवढ्या लांब. ह्यांना ते दिसलं नाही, किंवा बघायचं नव्हतं. दुपारी जेवून हे आडवे झाले आणि मी गच्चीवर गेले.

नुसतं बघायला गेले होते. मग म्हटलं, रबरबँड सोडून बघू. सोडले, तर गोळा एका बाजूला कलंडला. ब्लेड तिथेच होतं, स्पिरिट तिथेच होतं. खुंटावरून कांद्याच्या पापुद्र्याएवढी चकती काढली, गोळ्याखालून तेवढीच. दोन्ही काप आरशासारखे आले. कडीवर कडी ठेवली, मधली हवा जावी म्हणून जरासं फिरवलं, आणि ह्यांची जशी असते तशीच रबरबँडची फुली घातली. चकत्या चहाच्या चोथ्यात टाकल्या. सगळ्याला चार मिनिटं लागली. एक काज करायला मला बारा लागायची.

दहा दिवसांनी ह्यांनी रबरबँड काढले. गोळा हलला नाही. ह्यांनी तो बोटाने ढकलला, मग पुन्हा ढकलला, मग मला हाक मारली ती खालच्या मजल्यावरच्यांनीही ऐकली असणार.

"अगं बघ! हात अजून आहे!"

"आहे की," मी म्हटलं.

त्या दिवशी दाढी केली. दोन ठिकाणी कापून घेतलं, पण केली. संध्याकाळी जिन्यात भेटेल त्याला धरून गच्चीवर नेत होते. मी चहा करून करून दमले, आणि फार दिवसांनी दमले म्हणून बरं वाटलं. मी ताकास तूर लागू दिली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हटलं. तेव्हा मूठ कुणाची आणि झाकतंय कोण, एवढा विचार केला नव्हता.

एकदाच करायचं ठरवलं होतं. पण मग दुसरं आलं, तिसरं आलं. सकाळी हे कापायचे, दुपारी मी कापायचे. घरातली आणखी एक कामाची वेळ झाली ती, भांडी आवरून झाली की कलम. आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा यायला लागली होती. एक चांदणीच्या आकाराचं रोप होतं, पाच पाकळ्यांचं, अंगावर पांढरे ठिपके, काटा एक नाही. ते तर असं बसलं, की हे भिंग घेऊन लोकांना दाखवायचे. "सांधा बघा. नख जाणार नाही." मी चहाचा ट्रे घेऊन मागे उभी असायचे आणि माझे कान गरम व्हायचे. माझी काजं कुणी कधी भिंगातून बघितली नव्हती.

अशी अकरा लागली. अकरातली अकरा. हे निवडुंगवाल्यांच्या फोनवरच्या गटात रोज फोटो टाकायचे. लोक विचारायचे, या वयात हात इतका स्थिर कसा? हे लिहायचे, सरावाने. मला वाचून दाखवायचे. मी म्हणायचे, वा! मीच त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि खाली उभी राहून टाळ्या वाजवल्या.

आता हेडमास्तरांचं. दोन गल्ल्या पलीकडे राहतात, शाळेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. निवडुंगांचा नाद त्यांच्या बायकोला होता. ती तीन वर्षांपूर्वी गेली. तिची बाकीची रोपं नातेवाइकांनी नेली, एकच त्यांनी ठेवून घेतलं. तिने स्वतः बी पेरून सतरा वर्षं वाढवलेलं, हिरव्यावर पिवळे डाग असलेलं, बशीएवढं. बी एकाच फळातलं असलं तरी तसे डाग दुसऱ्या रोपावर येत नाहीत. हेडमास्तरांना झाडांतलं एकच कळायचं, पाणी. रोज सकाळी उठून त्याला पाणी घालायचे. आम्ही दोघांनी कितीदा सांगितलं, महिन्यातून एकदा पुरे. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, इथे तर घडा सरळ होता आणि पाणी आतच जात होतं.

मी लेकीकडे गेले होते. तिचं गाव तीन तासांवर आहे. नातीला ताप होता आणि लेक-जावई दोघांनाही कामावरून सुट्टी मिळत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला फोन आला. हे फोन नेहमी स्पीकरवर टाकतात, कानाशी धरला तर हलतो म्हणून.

"अगं, हेडमास्तर आलेत. ते रोप बुडातून सडलंय. वरचा अर्धा भाग अजून टणक आहे. आज कापून खुंटावर बसवलं तर वाचेल."

माझ्या हातात नातीसाठी थंड पाण्याची घडी होती. ती मी तशीच धरून उभी राहिले.

"थांबा ना," मी म्हटलं. "मी उद्या येते. मग करू."

"उद्यापर्यंत सड वर चढेल. आणि तू येऊन काय करणार? रबरबँडच धरणार ना? ते हेडमास्तर धरतील. काय हो सर?"

मागून हेडमास्तरांचं हसणं ऐकू आलं. "वहिनी, तुम्ही काळजी करू नका. अकरातली अकरा लागलीत ह्यांची. मी सगळे फोटो बघितलेत."

एक वाक्य बोलायचं होतं. मला वाक्य माहीत होतं, ते दातांपर्यंत आलं होतं. पण फोन स्पीकरवर होता आणि समोर परका माणूस बसला होता. त्याच्यासमोर ह्यांना कसं सांगू, की तुमचा हात गेलाय, केव्हाच गेलाय? मी मिठाची गुळणी धरून उभी राहिले.

"जपून करा," एवढंच म्हणाले.

"ही मला शिकवतेय!" हे हेडमास्तरांना म्हणाले आणि फोन बंद झाला.

नंतर मी ह्यांना एकट्याला गाठून फोन करू शकले असते. हेडमास्तरांना दुसऱ्या खोलीत जायला सांगा, स्पीकर बंद करा, असं म्हणू शकले असते. फोन दोनदा हातात घेतला. नातीचा ताप बघितला, तिची औषधाची वेळ झाली, मग तिने मला शेजारी झोपायला लावलं. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही. मनात मी असंही म्हटलं, की उद्या जाऊन नेहमीसारखं परत कापीन. अकरा वेळा निभावलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. हे आडवे झाले होते. पिशवी दारात ठेवून सरळ गच्चीवर गेले, रबरबँड सोडले, आणि बघितलं तर कापायला काही उरलेलंच नव्हतं.

सडलेलं रोप कापताना सडीचा एकही तपकिरी ठिपका कडीत दिसेनासा होईपर्यंत चकत्या काढत जावं लागतं. हात स्थिर असेल तर चकती पातळ येते. बाजूला पडलेल्या ह्यांच्या चकत्या एकीकडे जाड, एकीकडे पातळ गेल्या होत्या. प्रत्येक वेळी चांगला भागही त्यात गेला. शेवटी बशीएवढ्या रोपाची नाण्याएवढी पातळ टोपी उरली होती, खालून गोलसर, काठावरून आत्ताच वळायला लागलेली. मी ब्लेड लावून पाहिलं आणि परत ठेवलं. आणखी एक चकती म्हणजे नुसती साल उरली असती. रबरबँड पुन्हा चढवले आणि खाली येऊन चहा टाकला.

त्यानंतर दहा दिवस हेडमास्तर रोज संध्याकाळी यायचे. लांबूनच बघायचे, हात मागे बांधून. "रंग आहे अजून," म्हणायचे. हे म्हणायचे, "काळजी नको." मला रोज काहीतरी काम निघायचं.

दहाव्या दिवशी ह्यांनी त्यांच्यासमोर रबरबँड काढले. टोपी रबरबँडबरोबरच वर आली. हेडमास्तरांनी ती तळहातावर घेतली. आतून कागदासारखी झाली होती. त्यांनी खिशातला रुमाल काढला, त्यात ती ठेवली, चार घड्या घातल्या. "असू द्या," म्हणाले. "तुम्ही प्रयत्न केलात." जिना उतरताना ते प्रत्येक पायरीवर थांबत होते.

हे खचतील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही, आणि जे झालं ते जास्त वाईट होतं. हे कारण शोधायला लागले. ब्लेड जुनं होतं का? स्पिरिटमध्ये पाणी होतं का? खुंट तहानलेला होता का? वहीत अकरा कलमांच्या तारखा लिहून काढल्या, प्रत्येकीपुढे हवा, खुंटाची जाडी, वेळ. मला विचारायचे, सातव्याच्या वेळी आपण कुंडी सावलीत केव्हा नेली होती? मी सांगायचे. हात सोडून सगळ्यावर संशय घेऊन झाला. हातावर कसा घेणार? हाताच्या बाजूने अकरा साक्षीदार उभे होते, आणि ते मी उभे केले होते.

शेवटी एकच उरलं, रोप. एका संध्याकाळी हेडमास्तर आले तेव्हा हे त्यांना समजावून सांगायला लागले. आवाज चढवून नाही, वही उघडून, बोट ठेवत ठेवत.

"माझ्याकडून काही चुकलेलं दिसत नाही, सर. तुम्ही आणलंत तेव्हाच ते गेलेलं होतं. रोजच्या पाण्याने. वरून टणक दिसत होतं एवढंच."

हेडमास्तरांनी वहीकडे बघितलं. "हो," म्हणाले. "मीच मारलं ते. तिने जाताना माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही दोघांनी सांगितलं होतं, वहिनी. मी ऐकलं नाही."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. ह्यांचा मान राखायचा म्हणून मी इतके दिवस गप्प होते. आता त्याचं ओझं एक म्हातारा माणूस घेऊन निघाला होता, ज्याचा यात पाणी घालण्यापलीकडे काही संबंध नव्हता. माझी मलाच इतकी चीड आली, की हातातली बशी मी आपटलीच.

हेडमास्तर गेल्यावर बाहेर आले. हे वही बंद करत होते.

"अहो, बसा जरा."

"बसलोच आहे की."

"ती अकरा कलमं तुमची नाहीत."

"म्हणजे?"

"तुम्ही दुपारी झोपायचात. मी रबरबँड सोडून परत कापायचे."

हे माझ्याकडे बघत राहिले. मी काहीतरी थट्टा करते आहे, असं त्यांना क्षणभर वाटलं असावं. मग ते वाटणं चेहऱ्यावरून गेलं.

"सगळी?"

"सगळी."

"ती चांदणी?"

"तीसुद्धा."

"पहिलं, ते पिवळं?"

मी मान हलवली. ह्यांनी हात मांड्यांखाली घातले आणि पुन्हा बाहेर काढले. मी ओरडण्याची वाट बघत होते. ओरडले असते तर मीही ओरडले असते, आणि आमचं काहीतरी मिटलं असतं. पण हे उठले, कपाटातून ब्लेडांचा डबा आणला, गच्चीवरून एक खुंट आणि एक लाल गोळा आणला आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "कर."

मी केलं. ह्यांच्यासमोर करताना पहिल्यांदाच माझे हात जड झाले होते, तरी काप नीट आला. कडा छाटल्या, गोळा ठेवला, फिरवला. ह्यांनी रबरबँड दोन्ही हातांनी ताणून धरले, ते थरथरत होते, आणि मी म्हटल्यावर सोडले. मग भिंग लावून हे सगळीकडून सांधा बघत बसले. इतका वेळ, की मला वाटलं आता काहीतरी खोट काढणार. काढली नाही.

"चल," म्हणाले, "हेडमास्तरांकडे."

हेडमास्तरांच्या टेबलावर पेनांच्या शेजारी तो रुमाल होता. घड्या तशाच होत्या. ह्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. एक शब्द माझ्यावर ढकलला नाही. माझा हात गेलेला आहे, मला ते माहीत नव्हतं, माहीत असायला हवं होतं, असं म्हणाले. कलमं हिने केली होती, म्हणाले. हेडमास्तर ऐकत होते, वर्गात उशिरा आलेल्या मुलाचं कारण ऐकावं तसे, मध्ये न बोलता. मग त्यांनी मला विचारलं.

"म्हणजे वहिनी, तुम्ही कापलं असतं तर वाचलं असतं?"

'बहुतेक' म्हणायचा मोह झाला. बहुतेक म्हटलं असतं तर तिघांनाही जरा टेकायला जागा मिळाली असती. पण सड जिथपर्यंत चढली होती ते मी त्या चकत्यांवर बघितलं होतं. वर तीन बोटं चांगला गर होता.

"हो," मी म्हटलं. "वाचलं असतं."

त्यांनी रुमालावर हात ठेवला. "बरं," म्हणाले. आम्ही बसावं असं ते म्हणाले नाहीत, आणि जावं असंही नाही. थोड्या वेळाने आम्हीच निघालो.

परत येताना हे माझ्या पुढे दोन पावलं चालत होते. नेहमी मी पुढे असते. कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला थांबलो, तेव्हा म्हणाले, "फोनवर एवढंच म्हणायचं होतंस, की इकडे घेऊन या. मी ते रोप मांडीवर घेऊन आलो असतो तुझ्याकडे. तीन तासांचा तर रस्ता."

"परक्या माणसासमोर कसं म्हणू? तुम्हाला लाज वाटली असती."

"वाटली असती," हे म्हणाले. गाड्या जात होत्या, हे त्यांच्याकडे बघत होते. "दोन-चार दिवस वाटली असती. मग हिचा हात बघा म्हणून मीच सगळ्यांना सांगत सुटलो असतो."

गाड्या थांबल्या आणि आम्ही रस्ता ओलांडला.